शेवटच्या पाळण्याची पिन

१

यंत्राने एकूण एक पाळण्याला हिरवा दिवा दिला, संचालक मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या पुरत्या थांबायच्या आत फिटरकाका म्हणाले, "साहेब, ह्या शेवटच्याच्या पकडीत पिन नाही."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

हा रोपवे म्हणजे डोंगरावरच्या वस्तीचा रस्ता. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं खाली; माणसं वर. मध्ये दरी. पाळणा दोराला लटकतो तो एका लोखंडी पकडीच्या जोरावर, आणि पकड मिटलेली राहते ती बोटाएवढ्या पिनेमुळे. पिन नसली तरी पकड स्प्रिंगच्या जोरावर मिटलेली दिसते. दरीवर वारा लागला की उघडते. पुढचं सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून फिटरकाका रोज सकाळी शेडमध्ये शिरत, भिंतीलगतच्या शेवटच्या पाळण्यापासून सुरुवात करत आणि शिडी सरकवत प्रत्येक पकडीवरून हात फिरवत दाराशी येत. त्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी नवं तपासणीयंत्र आणलं होतं. ते बसलं की काकांच्या हाताची गरज नाही, हाताखालच्या पोरांची नाही, सुट्या भागांच्या स्टोअरचीही नाही. यंत्र रांगेपुढून ऐटीत फिरलं. मग काका म्हणाले, "मीही एकदा हात फिरवू का? सवय आहे." साहेब हसून म्हणाले, "फिरवा, फिरवा. निरोपाचा हात."

तो हात सुरुवातीलाच, भिंतीलगतच्या त्या शेवटच्या पाळण्यावर थांबला.

खरं तर इथे यंत्राची फजिती व्हायची, काकांची पाठ थोपटली जायची आणि साहेब आठवडाभर तोंड लपवत फिरायचे. पण साहेब हुशार. यंत्राची अब्रू झाकायला त्यांनी हाताला लागलेला सगळ्यात मोठा शब्द ओढला. "पिन पडलेली नाही," ते ओरडले, "काढलेली आहे. ही घातपाताची तयारी आहे!"

झालं. तो शब्द उच्चारला गेला आणि त्याच्या मागोमाग दरीचा कायदा शेडमध्ये आला. लोकवाहनाशी छेडछाड, हेतुपुरस्सर वा हयगयीने, जीव गेलेला असो वा नसो: फाशी.

दुपारपर्यंत एक रंगारी कोठडीत होता. संध्याकाळी कोठडीबाहेर गर्दी होती, आणि त्याला कधी लटकवता, एवढाच तिचा प्रश्न होता.

२

चौकशीसाठी आलेल्या अधिकारी बाईंना शेडमधली माणसं पहिल्या तासातच 'चौकशीबाई' म्हणायला लागली. तोंडावर नव्हे. तोंडावर सगळे चळाचळा कापत होते, कारण दरीचा कायदा ह्या बाईंनीच आणवला होता.

पूर्वी एकदा इथलाच दोर तुटला होता. त्यात बाईंचा भाऊ गेला, वहिनी गेली, भाची गेली. ग्रिसात माती मिसळणारा ठेकेदार तीन वर्षांत सुटून आला आणि त्याने नवी गाडी घेतली. बाई मंत्र्यांच्या दारात बसल्या, सभांत बोलल्या, मसुद्याच्या ओळी वाचून दुरुस्त्या सुचवल्या. कायदा झाला तेव्हा वर्तमानपत्रांत मंत्र्याच्या बरोबरीने त्यांचा फोटो होता.

बाईंची एक खोड होती. माणूस समोर बसला की त्या मनातल्या मनात मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडत: ह्या प्रकरणात ह्याच्या पदरात काय पडलं, आणि ह्याच्या हातून काय गेलं. मग त्याला बोलू देत.

मॅनेजरसाहेब भरभरून बोलले. "रंगारीच हो. यंत्र यायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये विडी ओढताना पकडला, मी हाकलला. जाताना काय म्हणाला माहितेय? तुमचा पाळणा एक दिवस दरीत जाईल! आणि त्याच संध्याकाळी हा पठ्ठ्या परत शेडमध्ये दिसला. आणखी काय पाहिजे?"

"पिन," बाई म्हणाल्या. "ती सापडली?"

"आता ती काय तो जपून ठेवेल?"

"आणि ती नाही हे तुमच्या यंत्राला दिसलं नाही."

साहेबांचा चेहरा आंबला. "यंत्र पकड मिटली आहे का ते बघतं. पिन बघायचा भाग पुढच्या टप्प्यात आहे."

बाईंनी साहेबांच्या डाव्या, पदरात पडल्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही. पिन गेल्याने ह्या माणसाचं फक्त नुकसान झालं होतं.

मग आला दोराची मोटार चालवणारा. हा फिटरकाकांचा जावई, म्हणून अख्खा रोपवे त्याला 'जावईबापू' म्हणे. तो खुर्चीच्या टोकावर बसला. "काय सांगू बाई. पिन नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला."

त्याच्यानंतर स्टोअर सांभाळणारी ताई. ठसठशीत, दोन मुलींची आई, नवरा नाही, जिभेला धार. बाईंना स्टोअरच्या खिडकीपाशी बघून आधी म्हणाली, "काय हवंय? पिन काढायची असेल तर पाचर घेऊन जा. तोंडाला बसलंय हो. पोरं विसरतात, म्हणून पिनेचं नाव काढलं की मी पाचर पुढे करते."

"पाचर कशाला?"

"पकड उघडी असली तर पाळणा जागचा हलू नये म्हणून. वरच्या रुळात ठोकतात. पाचरेशिवाय पिन काढणाऱ्याला काका शेडमध्ये उभं करणार नाहीत."

"आणि त्या सकाळी?"

ताईची जीभ एकदम मवाळ झाली. "पिन नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला."

शेवटी फिटरकाका. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पिन नाही म्हटल्यावर, बाई, माझ्या पोटात गोळाच आला."

बाईंनी वही मिटली. तीन माणसांच्या पोटात हुबेहूब एकच गोळा आला होता. म्हणजे तो कुठेतरी एकत्र बसून वळला होता.

३

रंगारी कोठडीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बाहेरचा गलका भिंतीतून आत येत होता. बाईंना बघताच तो म्हणाला, "तुम्हीच ना त्या? फोटोतल्या?"

"मीच. संध्याकाळी शेडमध्ये कशाला गेला होतास?"

"ब्रश राहिले होते माझे. ताईने आत घेतलं, ब्रश दिले, वर चहा पाजला. विचारा तिला."

ताईने ब्रशांचं सांगितलं होतं पोलिसांना. चहाचं नव्हतं सांगितलं. आणि ब्रश दिल्यावर तो थेट बाहेर गेला की शेडमधून गेला, ह्यावर 'लक्ष नव्हतं' म्हणाली होती. बाईंनी ताईच्या नावापुढे मनात एक टिंब ठेवलं.

"दरीत जाईल म्हणालास ते?"

"रागात म्हणालो. रागात माणूस काय हिशेबानं बोलतो? बाई, मला त्या पकडीतलं ओ की ठो कळत नाही. मी वरवर रंग मारणारा माणूस." मग त्याने मान वर केली. "बरं, मी गेलो असतो वर, तर माझ्याच ओल्या रंगाला हात लावला असता का? त्या दिवशीच वरचा रूळ रंगवून पुरा केला होता मी. दोन दिवस वाळत नाही तो. कोणी चढून बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. गुन्हेगार हातात असताना शिडी कोण चढणार?

बाई शेडमध्ये परतल्या आणि स्वतः शिडी चढल्या. शेवटच्या पाळण्यावरचा रूळ हिरवागार होता, वाळला होता. पाळण्याच्या चाकामागे, भिंतीकडच्या बाजूला, रंग चेपला गेला होता: चौकोनी खूण, कडेला लाकडाची एक सालपटी चिकटलेली.

तिथे पाचर ठोकली गेली होती. आणि ह्या पाचरेबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

४

शिडीच्या वरच्या पायरीवर बसूनच बाईंनी मांडणी केली.

रंग ओला असताना पाचर बसली, म्हणजे त्या संध्याकाळीच. पाळणा दरीत घालायला निघालेला माणूस त्याला आधी जखडून ठेवत नाही. शिवाय त्याने दाराशी असलेला, सकाळी पहिला सुटणारा पाळणा घेतला असता. इथे घेतला होता शेवटचा, काकांचा हात ज्याच्यावर सगळ्यात आधी पडतो तो. म्हणजे पिन काढणाऱ्याला ती सापडायलाच हवी होती. संचालकांसमोर, यंत्राच्या हिरव्या दिव्यानंतर.

डावा रकाना आपोआप भरला. यंत्राची फजिती झाल्यावर कोणाच्या नोकऱ्या वाचत होत्या? रंगाऱ्याची तर आधीच गेली होती.

बाईंनी काका आणि जावईबापूंना बोलावलं. ताई आपल्या खिडकीत होतीच.

"जावईबापू, समजा मला ह्या पाळण्याची पिन काढायचीय. काय करू?"

"आधी पाचर," तो बोलून गेला, आणि हात डोक्याच्या आधी चालले. पाचर घेतली, शिडी चढला, हातोडीचे दोन ठोके दिले. पाचर बसली चाकाच्या पुढे, दाराच्या बाजूला.

"भिंतीकडून नाही मारत?"

"भिंतीकडून कशाला? उतार दाराकडे आहे. भिंत पळून जाणारे का?"

तेवढ्यात खालून कसलासा आवाज आला. काका मटकन बाकावर बसले होते. हसत होते की रडत होते, सांगता येईना.

"तू नाहीस," ते म्हणाले. "अरे गाढवा, तू नव्हतास!"

जावईबापू वरूनच ओरडला, "मी? मला वाटलं तुम्ही! तुम्हीच तर सगळ्यांना सांगायला लावलंत ते गोळ्याचं!"

मग सगळं बाहेर आलं. त्या सकाळी पकडीवरून हात फिरवताना काकांना भिंतीकडे पाचर लागली होती. पाचर म्हणजे आपलाच कोणीतरी. आपला म्हणजे जावई, आणि घाईत चुकीच्या बाजूला मारली असणार. साहेबांनी घातपात हा शब्द काढला आणि सगळे त्यांच्याकडे वळले तेव्हा काकांनी पाचर काढून कोटात घातली होती.

"आणि रंगारी?" बाईंनी विचारलं.

काकांनी टोपी पिळली. "मुलीचा नवरा आहे, बाई. रंगारी कोणाचाच कोणी नव्हता."

"जावईबापू, तुम्हीही गप्प बसलात."

"सासरा आहे," तो शिडीवरूनच म्हणाला. पण उतरायचं धाडस त्याला झालं नाही.

बाई सावकाश वळल्या. पाचर मारायची हे ज्याला झोपेतही पाठ, पण जन्मात स्वतःच्या हाताने मारलेली नाही, असं माणूस ह्या शेडमध्ये एकच होतं. रोज पाचरा देणारं.

खिडकी रिकामी होती.

५

ताई पळाली नव्हती. स्टोअरच्या आत स्टुलावर बसून साडीच्या पदराने एक पिन पुसत होती. जुनी, वापरलेली पिन.

"घ्या," ती म्हणाली. "टाकवत नव्हती. चांगल्या लोखंडाची आहे."

बाई समोर बसल्या. दार त्यांनी लोटून घेतलं.

"यंत्र आलं की काका घरी. पोरं घरी. मी घरी," ताई म्हणाली. "साहेब म्हणाले, यंत्राला काय काय दिसतं ते तुम्हाला काय कळणार? म्हटलं, दाखवू या काय काय दिसत नाही. काकांचा हात चुकणार नाही ह्याची मला माझ्या मुलींपेक्षा जास्त खात्री."

"आणि काका त्या दिवशी तापाने पडले असते तर?"

"म्हणून तर पाचर मारली."

"तुम्ही ती भिंतीकडून मारलीत."

"मग?"

"उतार दाराकडे आहे, ताई. ती पाचर काहीच अडवत नव्हती."

ताईचे डोळे खिडकीतून शेडकडे गेले, रुळाकडे, दाराकडे, दारापलीकडच्या पोकळीकडे. मग तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली, जणू तीच आता उतारावर लटकत होती.

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली. "सकाळी शाळेची पोरं जातात."

बाईंना आपली भाची आठवली, आणि ह्या बाईच्या एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं. ते दोन्ही त्यांनी आत ढकललं.

"आणि रंगाऱ्याला तुम्ही फासावर चढू देणार होतात. ब्रशांचं सांगितलंत, चहाचं नाही."

"हो." ताईने मान खाली घातली नाही. "काय करू? त्या माणसाच्या मागेपुढे कोणी नाही. माझ्या मागे दोघी आहेत. सगळ्या बाजूंनी विचार केला बाई, रोज केला. एक विचारू? तुमचा कायदा यायच्या आधी ह्याला काय होतं?"

"नोकरी जायची. दोन-तीन वर्षं आत."

"मग त्याच सकाळी बोलले असते मी! साहेबांच्या तोंडावर बोलले असते. तीन वर्षं काय, मुलींना बहिणीकडे टाकून काढली असती." ती स्टुलावरून उठली. "मी पिन काढली तेव्हा मूर्ख होते, कबूल. पण रंगाऱ्याला मारायला निघाले ती मी अशी नव्हते हो. तेवढं खाली तुम्ही नेलंत मला."

बाईंकडे ह्याला उत्तर होतं. सभांमध्ये त्या ते देत असत, टाळ्याही पडत. आता त्यांनी ती पिन उचलून रुमालात गुंडाळली.

त्यांनी दुसरी वाट चाचपली. पिन झिजून आपोआप पडली, असं लिहिलं तर? कोणी काढलीच नाही. रंगारी सुटेल, ही सुटेल. मग आठवलं: झिजलेली पिन आदल्या सकाळच्या तपासणीत बघायची जबाबदारी फिटरची. ती हयगय. आणि 'वा हयगयीने' हे शब्द मूळ मसुद्यात नव्हते. ग्रीसवाला ठेकेदार 'चुकून झालं' म्हणून सुटला होता, तेव्हा बाईंनी हट्टाने घालायला लावले होते.

रंगारी, ताई, नाहीतर काका. कुठूनही बेरीज केली तरी खाली एक मान शिल्लक राहत होती.

"बोला," ताई म्हणाली. "कोणाला देताय?"

६

बाईंनी खरं ते लिहिलं. दुसरं त्यांना येत नव्हतं. शेवटी एक परिच्छेद जोडला: कोणाचाही जीव गेलेला नाही, जीव घ्यायचा हेतू नव्हता, सबब देहदंड देऊ नये.

वरच्या कचेरीतला अधिकारी त्यांच्या ओळखीचा होता. मसुद्याच्या वेळी शेजारी बसत असे. त्याने तो परिच्छेद वाचला, चष्मा काढला आणि अदबीने म्हणाला, "बाई, हे नाही जोडता येणार. न्यायाधीशालाही दुसरी शिक्षा देता येत नाही. पळवाट नको म्हणून आपणच तसं लिहिलं, नाही का?"

"कोणी मेलं नाही हो," बाई म्हणाल्या.

"तेच तर यश आहे कायद्याचं! कोणी मरायच्या आधी पकडलं आपण. मंत्रीसाहेब फार खूश आहेत. तुम्हाला फोन येईल."

फोन आला. बाईंनी उचलला नाही.

ताईला नेलं तेव्हा काका शेडच्या दारात उभे होते. मुलींना मी बघतो, एवढं ते म्हणाले. ताईने मान हलवली, आणि जाता जाता जुन्या सवयीने खिडकीला कुलूप घालून गेली. मॅनेजरसाहेब यंत्राच्या पुढच्या टप्प्याचा अर्ज भरत होते. घातपात हाताने झाला म्हटल्यावर हात शेडमध्ये नकोतच, असं आता संचालकांचंही मत पडलं होतं.

रंगाऱ्याला सोडलं त्या दुपारी कोठडीबाहेरची गर्दी तशीच होती. ताईलाही तिथेच आणलं होतं. घोषणा तीच होती; कालपर्यंत 'त्याला' होतं तिथे 'तिला' म्हणायचं, एवढीच तसदी लोकांना पडली.

पायऱ्यांवर बाई उभ्या होत्या. रंगारी उजेडात डोळे मिचकावत बाहेर आला. त्यांना बघून पुढे आला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"उपकार झाले बाई."

बाईंनी त्याच्याकडे आशेने बघितलं. हा माणूस आत बसून आला होता. ह्याने तो गलका भिंतीतून ऐकला होता. कोणी बोललं तर हाच बोलेल, आणि ह्याचं लोक ऐकतील. "ऐक," त्या घाईने म्हणाल्या, "आपण दोघं मिळून अर्ज करू. तू सांग, की तिला फाशी नको. तू म्हणालास तर—"

रंगाऱ्याने हात सोडले.

"मला चहा पाजला तिने," तो म्हणाला. "आणि मग मला लटकू देणार होती. नाही बाई. तुमचा कायदा नसता तर ती तीन वर्षांत सुटून आली असती. बरं झालं, तुम्ही तो केलात."

आणि तो पायऱ्या उतरला. काल ज्यांनी त्याच्यासाठी दोर मागितला होता त्यांनी कौतुकाने बाजूला होऊन त्याला अगदी पुढची जागा करून दिली.